वलगावहून आणलेला गारवा

मे महिन्यात वऱ्हाडात कोणी हौसेने जात नाही. मी गेलो, कारण मला माझी लेक माहेरी आणायची होती.

कल्याणी माझी एकुलती एक. आमचं घर चिपळूणच्या अलीकडे, नदीच्या वळणावर. ती लग्न होऊन गेली ती थेट अमरावतीजवळच्या वलगावला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिच्या आईने इतकं गृहीत धरलं होतं की लग्नाच्या धामधुमीतच तिने बाळंतिणीची खोली कोणती ते ठरवून टाकलं होतं. पूर्वेकडची, खिडकीतून फणस दिसतो ती. पुढे वर्षभरातच सुमन, माझी बायको, गेली. खोली राहिली आणि मी राहिलो.

तेव्हा रीत मीच पाळायची ठरवली. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ भरपूर असतो. खोलीला चुना काढला, शेकशेगडी माळ्यावरून उतरवली, मालीश करणारी बाई ठरवली, आळिवाची खीर शिकलो. पहिली खीर पातेल्यालाच इतकी चिकटली की शेवटी पातेलं टाकून द्यावं लागलं. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत म्हटलं. त्या घरात पुन्हा एकदा बाळाचं रडणं ऐकावं एवढीच इच्छा उरली होती, आणि ती मी कोणापासून लपवलीही नव्हती.

अडचण एकच होती. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं होतं, "सातवा सरत आलाय. न्यायची तर याच आठवड्यात न्या, मुक्काम करत न्या, आणि गाडी गार हवी. तापलेल्या गाडीतून नेणार असाल तर नेऊच नका. इथेच होऊ द्या." जावई कंपनीच्या कामाने महिनाभर हैदराबादला अडकलेला. म्हणजे माझी लेक माहेरी येणार की नाही, हे आता माझ्या जुन्या गाडीच्या एसीवर ठरणार होतं. कोकणात आम्ही एसी लावतो तो मुख्यतः पावसात काचेवरचं धुकं घालवायला. त्या बिचाऱ्याला खरं काम काय असतं हे माहीतच नव्हतं.

अकोला

संभाजीनगरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खामगाव सोडलं तेव्हा दुपार माथ्यावर आली होती. ऊन म्हणजे काय ते मला तोवर कळलं नव्हतं. आमच्याकडे उन्हात घाम येतो, इथे घाम येण्याआधीच वाळतो. रस्त्यावरची माणसं डोक्याला, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून जात होती. गाडीत मात्र छान गार होतं आणि मी स्वतःवर खूश होतो.

अकोल्यात शिरून पहिल्या सिग्नलला थांबलो आणि एसीची हवा कोमट झाली. सिग्नल सुटला, गाडी पळाली, हवा पुन्हा गार. पुढच्या सिग्नलला पुन्हा कोमट. तिसऱ्या ठिकाणी एका ट्रकमागे जरा जास्त वेळ अडकलो तर समोरून सरळ गरम हवा यायला लागली, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी. गाडी एका रसवंतीपाशी उभी केली. रसवाल्याने बर्फ घातलेला ग्लास हातात देताना माझं तोंड पाहिलं आणि न विचारताच म्हणाला, "एसी गेला का काका? पुढच्या निंबाखाली रफीकभाईचं गॅरेज आहे. सारं अकोलं तठीच जाते."

निंब म्हणजे कडुनिंब. त्याच्या सावलीत गाड्या आणि माणसं सारख्याच सुस्त पडली होती. रफीकभाई चांगला आडवा माणूस, डोक्यावर ओला टॉवेल. त्याने माझं बोलणं अर्धंच ऐकलं.

"गॅस संपली असन. उन्हाळ्यात साऱ्याइची संपते."

त्याने बॉनेट उघडून दाबाचं मीटर लावलं, थोडा वेळ पाहत राहिला आणि मोठ्याने हसला. "नाई काका, गॅस तं बरोबर आहे. मीच घाई केली. आता सांगा, पुन्हा सुरुवातीपासून सांगा."

मी सांगितलं. चालली की गार, थांबली की गरम. त्याने या खेपेला नीट ऐकलं, इंजिन सुरू ठेवायला लावलं, एसी लावायला लावला आणि गाडीच्या नाकासमोर उकिडवा बसला. मग मला खाली बोलावलं. पुढच्या जाळीमागे दोन पंखे होते. एक फिरत होता आणि दुसरा ढिम्म.

"हा झोपला पाहा. याचं काम मंजे समोरची जाळी थंडी करनं. गाडी पळते तवा वाराच ते काम करते. थांबली का मंग कोन करन?" त्याने एका काडीने पंख्याला टोचलं. पंखा आळसाने अर्धा फिरला आणि पुन्हा थांबला. "मोटर गेली. अन जाळीत पाहा, किती कापूस बसला, किती किडे. याले श्वासच नाई."

मोटर बाजारातून आणायची होती, आणि बाजार दुपारचा बंद. आमच्याकडेही दुकानदार दुपारी झोपतो, पण हाक मारली की उठतो. इथे आख्खा रस्ता दारं लावून झोपला होता. रफीकभाईने जाळी हलक्या पाण्याने धुतली आणि मग डबा उघडून मला समोर बसवलं. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. नको म्हणायची सोय नव्हती. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि त्याने ते मन लावून पाहिलं.

"एवढ्या उन्हात कावून आले तुमी? पाहुने हिवाळ्यात येतात."

मी सांगितलं. कल्याणीचं, डॉक्टरीणबाईंचं. सुमनचं सांगायचा विचार नव्हता, पण तेही सांगून झालं. तो चावायचा थांबला. मग उठून त्याने कोणाला तरी फोन लावला आणि चांगलं झापलं. बंद दुकानाचं शटर वर गेलं असावं, कारण थोड्याच वेळात मोटर आली.

मोटर बसवून झाल्यावर मी निघायच्या गडबडीत होतो. त्याने जाऊ दिलं नाही. गाडी झाडाखालून काढून भर उन्हात उभी केली, काचा वर केल्या आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला.

"मागे कशाला?" मी काचेतून विचारलं.

"लेक मांगं बसन ना तुमची? मंग मांगंच पाहून घेतो."

डोळे मिटून, हात पोटावर ठेवून तो माणूस तिथे बसून राहिला. मी बाहेर उन्हात उभा. बऱ्याच वेळाने दार उघडून उतरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम नव्हता. "आता बसू द्या तिले," म्हणाला. मला एकदम फार बरं वाटलं. निघताना त्याने त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये स्वतः घालून दिला.

वलगाव

अकोल्याहून अमरावतीकडे जाताना दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं दिसतात. आमच्या लाल मातीची सवय असलेल्या डोळ्यांना ती आधी जळून गेल्यासारखी वाटतात. नांगर न लागलेल्या तुकड्यांत भेगा अशा की माझा हात कोपरापर्यंत आत जावा. बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे ढीग. हीच जमीन पाणी पडल्यावर काय होते ते गुलाबरावांनी मला पुढे तासभर सांगितलं. ते बोलताना त्यांचे हात मऊ लोणी कालवल्यासारखे फिरत होते.

गुलाबराव म्हणजे माझे व्याही. वलगावला त्यांची जुनी शेती, आणि विहिरीकाठच्या तुकड्यात भाजीपाला. हा भाजीपाला ते रोज अमरावतीला पोचवतात. मला ते इवाई म्हणतात, तिकडची पद्धत. त्यांच्या पत्नी इंदूताई. उंच, थोराड हाडापेराच्या, कामाचा उरक जबर, आणि बोलणं असं की पुण्याच्या माणसाला वाटावं भांडताहेत. मलाही पहिल्या भेटीत तसंच वाटलं होतं.

अंगणात सडा घातला होता. दारातच गूळ आणि पाणी. आत कूलर घरघरत होता. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलर हा घरातला वडीलधारा माणूसच समजा. त्याला वेळेवर पाणी, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या, त्याच्यासमोरची जागा पाहुण्याला. वाळ्याच्या त्या ओल्या मुळांचा मातकट गोड वास साऱ्या घरात भरला होता.

कल्याणी खोलीतून हळूहळू चालत बाहेर आली, एक हात कमरेवर. सुमन तशीच चालायची, कल्याणीच्या वेळी. मी ते अगदी विसरून गेलो होतो.

"बाबा, किती काळे झालात!" ती म्हणाली. मी उत्तर द्यायचं सोडून बूट काढण्यात बराच वेळ लावला.

जेवायला आमरस आणि सरगुंडे होते. सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून केलेले गव्हाचे वळसे. ते रसात बुडवून खायचे. इंदूताई वाढत होत्या आणि मी पुरे म्हटलं की आणखी वाढत होत्या. कल्याणीसमोर मात्र त्यांनी माठातलं पाणी ठेवलं, त्यात वाळ्याची जुडी सोडलेली.

"पहिल्या महिन्यांत तिच्या पोटात काईच टिकत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पेट्रोलचा वास आला का ओकारी, बसमंधी बसली का ओकारी. फक्त वाळ्याचं पानी टिकलं. मंग म्या वाळाच आनून ठेवला."

आता इथे माझी फुशारकी नडली. अकोल्याचा पराक्रम सांगितल्याशिवाय मला राहवेना. जेवणं झाल्यावर मी तिघांना अंगणात गाडीपाशी नेलं आणि एसीवर व्याख्यान दिलं. डाव्या बाजूचा कप्पा उघडून खाली उतरवला, आतली कागदी जाळी बाहेर काढून दाखवली. "ही बघा. सगळी हवा यातून जाते. तुमच्या कूलरच्या ताटीसारखंच."

"मंजे हा लहान कूलरच म्हना ना," गुलाबराव म्हणाले.

"तसंच समजा," मी खुशीत म्हणालो.

इंदूताईंनी वाकून आत पाहिलं. "याच्यात पानी कुठून टाकतात?"

"पाणी लागत नाही याला."

त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात कल्याणी एसीची हवा घ्यायला आत बसली आणि लगेच तोंडावर हात धरून बाहेर आली. "बाबा, गार आहे हो. पण तोच प्लास्टिकचा वास. मळमळतं मला." मी म्हटलं, काचा जरा खाली ठेवू. इंदूताई अजून त्या कप्प्याकडेच पाहत होत्या.

मधला दिवस सामान बांधण्यात गेला. पहाटे गुलाबराव मला मळ्यात घेऊन गेले. जाताना एक कांदा माझ्या खिशात घातला, ऊन लागू नये म्हणून. कोकणात मी खिशात कांदा घेऊन फिरलो असतो तर लोकांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं. वांग्याच्या ओळींमधून चालता चालता ते थांबले.

"इवाई, राग नका येऊ देऊ. राहू द्या ना पोरीले अठीच. एवढ्या लांब, एवढ्या उन्हात..."

"पहिलं बाळंतपण माहेरीच होतं," मी जरा ताठपणे म्हणालो. त्यांनी दोन वांगी तोडून माझ्या हातात दिली.

घरी आलो तर इंदूताई डिंकाचे लाडू वळत होत्या. त्यांनी मान वर न करता प्रश्नांची फैर झाडली. तुमच्याकडे शेकाले लाकूड कोनतं वापरतात? विहिरीचं पानी गोड आहे का? बाळाले आंघोळ घालाले कोन येते? मी सगळी उत्तरं दिली, परीक्षेला बसल्यासारखी. मग त्या म्हणाल्या, "अन राती तिच्याजवळ कोन झोपन?"

"मालीशवाली दिवसा येते. रात्री मी आहेच ना."

त्यांचा हात लाडवावर जरा थांबला. "हाव," म्हणजे हो, एवढंच म्हणाल्या आणि पुढचा लाडू घेतला.

त्या दिवशी मला किती वाटलं की यांना म्हणावं, तुम्ही चला. पण मुलीच्या बापाने विहिणीला आपल्या घरी बाळंतपण काढायला बोलवायचं? तिच्याकडून शेक-मालीश करून घ्यायची? आमच्याकडे असं कोणी ऐकलं तर कानावर हात ठेवतील. आणि त्यांनी आपणहून येते म्हणायचं, तर ते म्हणजे तुमच्या घरी बाई नाही असं तोंडावर सांगण्यासारखं. तेव्हा आम्ही दोघंही शहाण्यासारखे गप्प बसलो.

निघायची सकाळ

उन्हाच्या आत अकोला गाठायचं म्हणून उजाडताच निघणार होतो. इंदूताईंनी कल्याणीची ओटी भरली. तांदूळ घालताना त्यांच्या ओंजळीतले निम्मे बाहेर सांडले. कल्याणी रडायला लागली आणि त्या तिच्यावरच खेकसल्या, "रडाले काय झालं? जाऊन राहिली ना मायघरी?" आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

मी गाडी सुरू केली, एसी लावला. समोरून काहीच आलं नाही. कान देऊन ऐकलं तर आत कुठेतरी खर्र खर्र वाजत होतं आणि दमेकऱ्याच्या श्वासाइतकी हवा येत होती. बटण पूर्ण फिरवलं. खरखर वाढली, हवा तेवढीच.

पूर्वेला आभाळ लाल व्हायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य कानात वाजत होतं, नेऊच नका. चुना काढलेली खोली डोळ्यासमोर आली. मग एक क्षण मनात नको ते आलं. काल मळ्यात गुलाबराव म्हणाले होते, राहू द्या अठीच. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कल्याणीची बॅग हातात धरून उभे होते, डिकी उघडायची वाट पाहत. त्या चेहऱ्यावर काळजीशिवाय काही नव्हतं आणि माझीच मला लाज वाटली.

रफीकभाईला फोन लावला. एवढ्या सकाळी त्याने उचलला. मी भडाभडा बोलून टाकलं, तुमची मोटर गेली, सगळं गेलं.

"काका, दम घ्या. मले एक सांगा. थंडी कमी येऊन राह्यली का हवाच कमी येऊन राह्यली? दोन्ही अलग गोष्टी आहेत. हात लावून पाहा."

मी हवेच्या तोटीपाशी हात धरला. जे काही थोडं येत होतं ते गार होतं, चांगलं गार.

"मंग झालं! गॅस बरोबर, मोटर बरोबर. हवेच्या रस्त्यात काई अडकलं. तो डावीकडचा कप्पा खोला. बंद नका करू फोन."

कप्पा खाली उतरवला. आत कागदी जाळी नव्हतीच. तिच्या जागी, अगदी तिच्या मापाची, वाळ्याची एक चौकोनी ताटी बसवली होती. चारी बाजूंनी जाड दोऱ्याने टाके घातलेली, पाण्याने ओलीचिंब. तिच्या सुटलेल्या काड्या आतल्या पंख्यात गुरफटून खरखर करत होत्या. ती मी बाहेर काढली तेव्हा सगळ्या अंगणात तो वास पसरला.

इंदूताई तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

"म्या ठेवला," त्या म्हणाल्या. नेहमीसारखा आवाज नव्हता. "तुमीच म्हटलं ना भाऊ, कूलरसारखंच आहे म्हून. कूलरले वाळा लागतेच, मंग याले कावून नाई? तिले त्या वासानं मळमळते. दोन दिवस गाडीत बसाचं, पोटातलं लेकरू... कागदाची जाळी पान्यानं फाटन म्हून काढून ठेवली. सांभाळून ठेवली."

घरात जाऊन त्यांनी ती जाळी आणली. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळली होती. ती माझ्या हातात देताना त्यांनी खाली पाहत म्हटलं, "मले तं संग येता येत नाई. म्हटलं वाळा तरी जाईन तिच्यासंगं."

मी गाडीच्या दारात तसाच बसून राहिलो. एका हातात ताटी, एका हातात जाळी. ते टाके मी पाहत होतो. कुठे उकलू नयेत म्हणून प्रत्येक टाक्याला गाठ मारलेली. हे त्यांनी कधी केलं असेल? सगळं घर निजल्यावरच. मला सुमनची इतकी आठवण आली की सांगता येत नाही. पण ती आठवण नेहमीसारखी टोचली नाही.

"मग या ना," मी म्हणालो.

"काय?"

"चला आमच्याबरोबर. बाळंतपणाला. ताई, मी दोन दिवस हेच म्हणायचं टाळतोय."

"असं कुठी असते काय भाऊ? पोरीच्या मायघरी सासू जाऊन बसते काय? लोक काय म्हनतीन?"

"म्हणू देत. माझ्या घरी बाई नाही हे लोकांना ठाऊकच आहे. तुम्ही विचारलंत ना, रात्री तिच्याजवळ कोण झोपेल? मी म्हणालो मी आहे. पण मला भीती वाटते हो. तिला कळा सुरू झाल्या तर मला काय कळणार? खीर करता येते म्हणून कोणी आई होत नाही."

कल्याणी माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, लहानपणी जत्रेला नेतो म्हटल्यावर व्हायचं तसं. इंदूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

गुलाबरावांनी बॅग खाली ठेवली. "जाय ना! इवाईनं आपल्या तोंडानं म्हटलं, आता काय पत्रिका छापाची? काल म्या त्याइले म्हटलं, राहू द्या पोरीले. कावून म्हटलं? तुहा राती डोया लागत नाई म्हून म्हटलं. दोन लुगडे टाक पिशवीत."

"अन तुमचं जेवन?"

"मले भाकर टाकता येते. वाकडी होते, पन पोटात गेली का सरळ होते."

"काका, आहे का कोनी?" माझ्या मांडीवरचा फोन ओरडला. रफीकभाईला आम्ही सगळे विसरलो होतो. त्याने सारं ऐकलं असणार, कारण त्याचा आवाज जरा चोंदला होता. "पहिले पंखा साफ करा. हातानं उलटा फिरवा, काड्या निंघतीन. मंग जाळी लावा. अन मायले घेऊन या."

उरलेलं काम इंदूताईंनी केलं. माझी बोटं आत पुरत नव्हती. त्यांच्या लांबसडक बोटांनी त्यांनी एकेक काडी ओढून काढली, तांदळातले खडे वेचावे तशी, आणि प्रत्येक काडीबरोबर स्वतःला एक शिवी दिली. जाळी बसवली, कप्पा लावला, बटण फिरवलं. गार हवेचा झोत आला तशा त्या दचकून मागे सरल्या. "अगो माय! हे तं बिना पान्याचंच थंडं आहे!"

वाळ्याची ताटी फुकट गेली नाही. ती मी हवेच्या तोटीसमोर, पुढच्या सीटच्या पाठीला बांधली. तिच्यावरून येणारी हवा मागे कल्याणीपर्यंत जात होती. अकोल्यापर्यंत ती इंदूताईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. एकदाही मळमळलं नाही. रफीकभाई निंबाखाली रस्त्यालाच उभा होता. त्याने मागची काच खाली करायला लावली, आत हात घालून गारवा पाहिला, इंदूताईंना सलाम केला आणि पुढे जायची खूण केली.

घरी

बाकीचा रस्ता येतानासारखाच मुक्काम करत गेला. घाट उतरताना इंदूताईंनी पहिल्यांदा इतकी हिरवी झाडं पाहिली आणि त्यांना ती आवडली नाहीत. सारं कसं गचपन, म्हणाल्या. दूरवर काहीच दिसत नाई. मासे रांधल्याचा वास आला की त्या अंगणात जाऊन बसत. आमच्या भाताला त्या आजाऱ्याचं जेवण म्हणत. पूर्वेच्या खोलीत पहिल्याच दिवशी त्यांनी खाट खिडकीपासून हलवली, वाऱ्याच्या तोंडी नको म्हणून. सुमनने ठरवलेली जागा होती ती. थोड्या दिवसांनी त्यांनीच ती परत खिडकीपाशी सरकवली, फणस बघायला पोरीले बरं वाटते म्हणून.

गावात विचारणारे विचारत राहिले. ही कोण हो तुमच्याकडे? सुरुवातीला मी सांगायचो, विहीणबाई आहेत, आणि मग माझी रीतसर फजिती व्हायची. नंतर लोकांनीच विचारणं सोडलं, कारण त्यांच्या पाटवड्यांचा रस्सा शेजारीपाजारी पोचला होता.

कल्याणीचे दिवस भरले तेव्हा पाऊस लागून राहिला होता. दुपारी कळा सुरू झाल्या. मी बधिर होऊन किल्ली शोधत होतो, किल्ली माझ्याच हातात होती. इंदूताईंनी कल्याणीला धरून गाडीत बसवलं, पिशवी घेतली, माठातल्या वाळ्याची जुडी रुमालात बांधून हातात घेतली. काचांवर धुकं चढलं, मी एसी लावला, आणि तोटीतून वाळ्याची एक चुकार काडी उडून बाहेर पडली. कळांतसुद्धा कल्याणी हसली.

दवाखान्यात तिला आत नेलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर, मध्ये पिशवी. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि नर्सबाईंनी बाहेर डोकावून विचारलं, "मुलीची आई कोण आहे? ती आईला हाक मारतेय. एकीलाच आत सोडणार."

इंदूताई उठल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो प्रश्न आपल्याला नाही असंच त्यांना वाटलं असणार.

"ह्या," मी म्हणालो. "ह्या तिच्या आई."

इंदूताईंनी रुमालातली जुडी छातीशी धरली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या आत गेल्या.